मापाची तीनचाकी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोळाच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. दारावर पाटी नाही. आत एक जुना लेथ, सीओटू वेल्डिंगचं मशीन, भिंतीला टेकवून ठेवलेले ईआरडब्ल्यू पाइप आणि मधोमध विटांवर चढवलेला एक सांगाडा. इथे विजेवर चालणाऱ्या, मोठ्या माणसांच्या तीनचाकी सायकली तयार होतात. एका वेळी एक आणि येणाऱ्याच्या गरजेप्रमाणे. फोन दिवसभर वाजतो आणि पलीकडचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "किती पळत्या?" शेडचे मालक पूर्वी दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर होते, आता पंचावन्नच्या पुढे आहेत. त्यांचं उत्तरही ठरलेलं. "पळायचं नंतर बघू. बसणाऱ्याला घेऊन या आधी."

नाव छापू नका, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. त्याचं कारण कायद्याच्या भागात येईल. उद्यमनगरात त्यांना मिस्त्री म्हणतात, आपणही तेच म्हणू. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला, तिथे कुणी सायकलला मोटर बसवली याचं फारसं अप्रूप नाही. मला अप्रूप वाटलं ते मापाचं.

मी गेलो त्या दिवशी एक बाई भावाबरोबर आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. झेरॉक्सचं दुकान चालवतात. मिस्त्रींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि टेप काढली. जमिनीपासून बैठकीची उंची ४६ सेंटिमीटर. म्हणजे गाडीची सीटही तेवढीच, कारण खुर्चीवरून गाडीवर सरकताना कुल्ला उचलावा लागू नये. कंबरेपासून टाचेपर्यंतचं अंतर. खांद्यापासून मुठीपर्यंतचं अंतर, पाठ टेकलेली असताना. मग बाकाला अडकवलेलं एक रिकामं हँडल पुढे केलं. "ताई, दाबा बघू ब्रेक." उजव्या हाताने लिव्हर पूर्ण आली, डाव्या हाताने निम्म्यावर अडकली. कुबडीने डाव्या मनगटाची वाट लावली होती. मिस्त्रींनी वहीत लिहिलं : दोन्ही मागचे ब्रेक उजव्या हाताला, एका लिव्हरवर, थ्रॉटल डाव्या अंगठ्याला, हातब्रेक सीटच्या उजवीकडे, कुबडी पाठीमागे आडवी, उभी नको.

मग ते भावाकडे वळले. "दादा, घराच्या दाराची चौकट किती?"

भावाला सांगता येईना. फोन लावला, घरातल्या मुलाने मोजून कळवलं : ७६ सेंटिमीटर. गाडी रात्री आत येणार, चार्जिंग आतच होणार. म्हणजे हबच्या नटांसकट गाडीची रुंदी ७२च्या वर जाता कामा नये. दोन्ही चाकांतलं अंतर फार तर ६६. "आता सीट वर घेता येणार नाही," मिस्त्री म्हणाले. दाराच्या चौकटीवरून ते थेट सीटच्या उंचीवर का गेले, हे मला त्या क्षणी कळलं नाही. या धंद्यातली खरी विद्या त्या एका वाक्यात होती.

तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही, असा आपला समज असतो. उभ्या गाडीपुरता तो बरोबरही आहे. सायकलवाला वळणावर आत झुकतो, तीनचाकीला झुकता येत नाही. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेल्या गाडीत पलटी होण्याची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकापर्यंत तिरकी जाते. गाडी आणि माणूस यांच्या एकत्रित वजनाचा मध्य मागच्या आसाच्या जितका पुढे, तितका तो या रेषेच्या जवळ. आकड्यात मांडून पाहू. मागच्या दोन चाकांत ६६ सेंटिमीटर अंतर आहे, वजनाचा मध्य पुढून दोन-तृतीयांशावर आहे. म्हणजे वळणावर गाडीला सावरायला मध्यापासून रेषेपर्यंत जेमतेम २२ सेंटिमीटर मिळतात. माणूस नेहमीच्या सायकलसारखा उंच सीटवर बसला आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर गेला, तर पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे आपल्या गावातल्या कुठल्याही कोपऱ्यावर, ताशी १२-१३ किलोमीटरला आतलं चाक उचलायला लागतं. तोच मध्य ५८ सेंटिमीटरवर आणला, तर हीच गाडी १५-१६पर्यंत टिकते. बॅटरी सीटखाली, मागच्या आसाला चिकटून ठेवली आणि सीट चार बोटं मागे घेतली, तर आणखी एखादा किलोमीटर हाती लागतो. रुंदी वाढवली की सगळंच सोपं होतं, पण रुंदी दाराने अडवली आहे.

मिस्त्री भौतिकशास्त्र शिकलेले नाहीत. ते नव्या गाडीवर वाळूची पोती बांधतात, उद्यमनगरातल्या मोकळ्या जागेत खडूने वर्तुळ आखतात आणि हाताखालच्या पोराला फिरायला लावतात. आतलं चाक उठलं की खूण. "ह्या वेगाला गाडी उठत्या, मग कंट्रोलरला मी त्याच्या खाली कुलूप घालतो." कायद्याने अशा गाडीला ताशी २५च्या आतली मुभा दिली आहे. पण उंच सीटची, अरुंद तीनचाकी २५ने कोपऱ्यावर वळवायची म्हणजे दवाखान्याची तयारी ठेवायची. ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या रस्त्यावर चालणाऱ्या बॅटरी-गाड्यांना ताशी आठ मैलांची, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरची मर्यादा आहे. तो आकडा मला आधी कंजूष वाटायचा. खडूचं वर्तुळ पाहिल्यावर शहाणपणाचा वाटला.

पुढे दोन, मागे एक चाक अशी उलटी रचना केली तर वळणावर ब्रेक मारताना गाडी जास्त स्थिर राहते. मिस्त्रींनी तशी केलीही आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सायकल सोडवेना अशा एका निवृत्त मास्तरांसाठी. पण पुढच्या दोन चाकांमधून पाय घालून बसायला कंबर वाकावी लागते, आणि कॅलिपरवाल्या माणसाला ते जमत नाही. शिवाय स्टिअरिंगचे सांधे वाढतात. सांधा म्हटला की ढिलाई आली.

येणारी माणसं तीन प्रकारची. एक, पोलिओची पिढी. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ही मोठी गोष्ट झाली, पण त्याआधीच्या दशकांत ज्यांना तो होऊन गेला ते आज चाळिशी-साठीत आहेत. त्यांनी तरुणपणी हाताने फिरवायच्या तीनचाकीवर आयुष्य काढलं आणि आता खांदे संपले आहेत. पाय गेलेल्या माणसाचे हात हेच पाय असतात. ते झिजले की उरतं काय? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद आहे. देशातल्या २ कोटी ६८ लाखांपैकी सुमारे ५४ लाखांचं अपंगत्व हालचालीचं. कोल्हापूरला हा विषय नवा नाही. 'चाकाची खुर्ची' लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक इथल्याच, आणि त्यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचं काम १९८४पासून इथे चाललेलं आहे. दुसरा गट म्हाताऱ्यांचा : तोल जातो, स्कूटर मुलं चालवू देत नाहीत, रिक्षावाला गल्लीत येत नाही. तिसरा विक्रेत्यांचा. इडली, चहा, फुलं, इस्त्रीचे कपडे. या तिसऱ्या गटाला मिस्त्री शक्यतो परत पाठवतात. "माल लादणारा माणूस आज पन्नास किलो सांगतो, उद्या दीडशे भरतो." वाहतुकीच्या गाडीसाठी कायदाही वेगळा आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण या गाडीची वंशावळ भारदस्त आहे. तीनचाकीची दोन्ही मागची चाकं एकाच आसाला घट्ट जोडली तर ती वळत नाही, फरफटत जाते. आपल्या ६६ सेंटिमीटरच्या गाडीचं बाहेरचं चाक पाच मीटरच्या वळणावर आतल्यापेक्षा साधारण १४ टक्के जास्त अंतर कापतं. हा फरक दोन्ही चाकांत वाटून देणारी दातेरी रचना, म्हणजे डिफरन्शियल, इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७मध्ये तीनचाकी सायकलीसाठीच वापरात आणली. मोटारगाड्यांनी ती पुढे उचलली. व्हिक्टोरिया राणीने १८८१मध्ये स्टार्लीची तीनचाकी मागवली तेव्हा हे वाहन खानदानी लोकांचं झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने अशाच एका इंग्रजी तीनचाकीला मोटर आणि बॅटरी बांधून रस्त्यावर फिरवून दाखवली. पेट्रोलची मोटार यायला तेव्हा अजून काही वर्षं होती. थोडक्यात, उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये जे चाललंय ते विजेच्या वाहनांच्या सगळ्यात जुन्या रूपांपैकी एक आहे.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त तीनचाकीत डिफरन्शियल नसतो. चेन मागच्या एकाच चाकाला ओढते, दुसरं नुसतं फिरतं. पायाने मारताना ते फारसं जाणवत नाही, पण मोटरची ताकद एका चाकावर आली की गाडी एका बाजूला ओढ घेते. म्हणून सोपा मार्ग पुढच्या चाकात हब मोटर बसवण्याचा. दुकानदार हाच मार्ग विकतात, कारण जुना रिम काढायचा, मोटरचा रिम घालायचा, अर्ध्या दिवसात काम तमाम. मिस्त्रींच्या भिंतीवर खिळ्याला एक पुढचा चिमटा टांगलेला आहे, दोन्ही टोकं फाकलेली, एक बाजू उलून गेलेली. गिऱ्हाइकाने स्वतः बसवलेल्या मोटरचा तो प्रताप. हब मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते, तितक्याच जोराने स्वतःच्या आसाला मागे पिळते. आसाच्या दोन्ही बाजू घासून चपट्या केलेल्या असतात, त्या चिमट्याच्या खाचेत अडकून हा पीळ झेलतात. सायकलचा चिमटा पातळ पत्र्याचा. खाच फाकते, आस गरकन फिरतो, मोटरमध्ये जाणाऱ्या वायरी पिळून तुटतात, चाक निखळतं. उपाय साधा आहे : सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीत आसाच्या मापाची खाच कापायची आणि ती पट्टी चिमट्याच्या दांड्याला क्लॅम्पने आवळायची. मिस्त्री ही पट्टी हाताने, कानशीने घासून बसवतात. पट्टी बोटांनी आसावर सरकवून पाहिली की हलायला नको आणि ठोकायलाही नको. मी पाहत होतो तेव्हा त्यांनी तीनदा काढली, तीनदा घासली. या कामाचे पैसे बिलात वेगळे लावता येत नाहीत. गिऱ्हाइकाला ती पट्टी दिसतसुद्धा नाही.

टेंबलाई टेकडीच्या बाजूला राहणाऱ्या गिऱ्हाइकांची गोष्ट आणखी वेगळी. सत्तर किलोचा माणूस, पन्नास किलोची गाडी, वीस किलो सामान : सपाट रस्त्यावर ताशी १५ने जायला चाकापाशी शंभर वॅटही लागत नाहीत. पाच टक्के चढ आला की त्याच वेगाला पावणेचारशेच्या आसपास लागतात. अडीचशे वॅटच्या मोटरकडून तेवढे मागितले तर ती तापते, तिच्या आतली वेढ्यांची वार्निश जळते. लोक म्हणतात मोठी मोटर घाला. मिस्त्री म्हणतात चाक लहान करा. सव्वीस इंचीऐवजी वीस इंची चाक घेतलं की तीच मोटर रस्त्याला सुमारे तीस टक्के जास्त जोराने ढकलते, वेग त्या प्रमाणात कमी होतो, आणि वेग कमी झालेला बराच. शिवाय चढावर वजन मागे सरकतं, पुढचं मोटरवालं चाक ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर नुसतंच गरगरतं. म्हणून चढाच्या गिऱ्हाइकाला मागच्या आसावर डिफरन्शियलसकट मोटर द्यावी लागते. ते महाग पडतं, आणि इथे बरीच मंडळी "विचार करून सांगतो" म्हणून जातात.

बॅटरीबद्दल एक जुनी सवय अजून मोडलेली नाही. चार लेड-ॲसिड बॅटऱ्या एका ओळीत जोडल्या की ४८ व्होल्ट होतात, पैसे कमी लागतात, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतात. वजन पंचवीस किलोच्या वर, आणि रोज पूर्ण उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात माना टाकतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सोळा सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, २० अँपिअर-अवर, म्हणजे जवळपास एक किलोवॅट-अवर साठा. वजन दहाएक किलो. यावर सपाट गावात पन्नास किलोमीटर सहज निघतात. मिस्त्री पस्तीस सांगतात. माणूस वाटेत अडकला तर उतरून ढकलू शकणार नाही, हे धरून सांगायचा आकडा वेगळा असतो. चार्जिंगला रोज एक-सव्वा युनिट वीज.

मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विद्युत स्कूटर पेटल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे निकष कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. हे निकष नोंदणी लागणाऱ्या वाहनांसाठी आहेत, मिस्त्रींच्या सायकलीला ते बांधील नाहीत. पण ज्याला आग लागल्यावर उडी मारता येणार नाही, त्याच्या सीटखाली आपण काय ठेवतो, हा प्रश्न निकषाच्या आधीचा आहे. मिस्त्री पूर्वी सेल आणून पॅक स्वतः जुळवत. आता बंद केलं. तयार, चाचणी झालेला पॅक घेतात आणि त्याला पाण्यापासून व दणक्यापासून जपणारी पेटी तेवढी स्वतः करतात. धंद्यातला नफा त्यामुळे कमी झाला. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय.

आता नाव न छापण्याचं कारण. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरीच्या वाहनाची मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी २५च्या आत आणि बॅटरी वगळून वजन साठ किलोच्या आत, त्याला मोटार वाहन मानत नाहीत. नोंदणी नको, लायसन्स नको. मिस्त्रींची गाडी या तिन्ही आकड्यांत बसते. मात्र हे आकडे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले हवेत. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. नियमाच्या डोळ्यासमोर कारखान्याचं मॉडेल आहे : एक तपासा, दहा हजार विका. मिस्त्रींचं प्रत्येक मॉडेल एकच असतं आणि ते एकाच माणसासाठी असतं. प्रत्येक गाडी पुण्याला न्यायची तर गाडीच्या किमतीपेक्षा तपासणीच जड जाईल. म्हणून ते सायकल दुरुस्तीच्या नावावर काम करतात आणि पाटी लावत नाहीत.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात एक चांगला बदल झाला. आधी दिव्यांगांसाठी मुद्दाम रचलेलं आणि बांधलेलं वाहन तेवढं वेगळ्या व्याख्येत बसे, बदल करून घेतलेलं वाहन त्यात धरत नसत. आता बदल करून घेतलेलं वाहनही त्यात येतं. स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. पण ती नोंदणी झालेल्या मोटार वाहनाची गोष्ट. सायकल आणि मोटार यांच्या मधल्या पट्ट्यात, एकेक करून गाडी बनवणाऱ्यासाठी, तपासणीची स्वस्त सोय अजून कुठेच नाही.

हा पट्टा मोकळा सोडला की काय होतं ते दिल्लीने दाखवून दिलं आहे. ई-रिक्षा कुठल्याही नियमाविना हजारोंनी रस्त्यावर आल्या, अपघात झाला, जुलै २०१४मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि मग धावपळीत नियम व २०१५ची कायदा दुरुस्ती आली. यातली आपल्याला जवळची बाजू अशी की ई-रिक्षाचं काम त्याच्या कितीतरी आधी सातारा जिल्ह्यात झालं होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुधारित सायकलरिक्षा, मोटरची मदत असलेली पायरिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा अशा तिन्ही तयार केल्या, त्यावर २००२मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निबंधही लिहिला. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही बाजार भरला तो बाहेरून आलेल्या सुट्या भागांनी. कल्पना फलटणला होती, ती चार तालुक्यांतल्या वर्कशॉपांत उतरवणारी साखळी कुठेच नव्हती.

पैशाचं गणित मी मिस्त्रींकडून वहीतच उतरवून घेतलं. बॅटरी वीस हजाराच्या आसपास, मोटर-कंट्रोलरचा संच बारा, पाइप-चाकं-ब्रेक-सीट मिळून आणखी बारा, बाहेरून करून घ्यायचं पावडर कोटिंग वगैरे सहा. पन्नास झाले. गाडी पासष्टला जाते. एक मदतनीस धरून महिन्याला दोन गाड्या निघतात. म्हणजे हातात तीस, त्यातून शेडचं भाडं, वीज, पोराचा पगार. विजेच्या वाहनावर जीएसटी ५ टक्के, लिथियम बॅटरीवर १८. नोंदणीकृत कारखानदार हा फरक परत मागू शकतो. चाळीस लाखांच्या आतली उलाढाल म्हणून ज्याने नोंदणीच केली नाही, त्याच्या पदरात मात्र १८ टक्के तसेच राहतात. लहान माणसाला दिलेली सूट लहान माणसालाच महाग पडते, याचं हे उत्तम उदाहरण.

मग शेड चालते कशावर? उत्तराने मी चमकलो. दुरुस्तीवर, आणि त्याहून जास्त 'अल्टर'वर. शिंपी तयार शर्ट उसवून बेततो तसं हे काम. शिबिरात, योजनेत, देणगीत मिळालेल्या तीनचाक्या लोक टेम्पोत घालून आणतात. सीट उंच आहे, हँडल लांब पडतं, ब्रेक नेमका कमजोर हाताला आहे, गाडी दारातून आत जात नाही. बाहेरच्या शेवग्याखाली ताडपत्रीने झाकलेल्या अशा चार गाड्या होत्या. मिस्त्री सीटचे पाय कापतात, हँडलला तुकडा जोडतात, लिव्हर बदलतात. हजार-दोन हजारांत धूळ खात पडलेली गाडी वापरात येते.

योजनांवर टीका करणं सोपं आहे, ती मी करणार नाही. कानपूरच्या अलिम्को या सरकारी महामंडळाची स्थापना १९७२ची, उपकरणं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१पासूनची. या दोहोंमुळे लाखो माणसं अंगणाच्या बाहेर पडली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला, आणि दिव्यांग वित्त महामंडळाची विजेच्या गाडीवर फिरतं दुकान देण्याची योजनाही आहे. अडचण मोठ्या संख्येच्या वाटपात आहे : तिथे एकच आराखडा असतो आणि माणसं मात्र एकासारखी एक नसतात. हा पेच सुटतच नाही असंही नाही. मद्रास आयआयटीत प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रातून निघालेल्या निओमोशन कंपनीने २०२१मध्ये बाजारात आणलेली चाकखुर्ची बसणाऱ्याच्या मापाने मिळते, आणि तिला पुढे विजेचं चाक जोडून ती रस्त्यावर ताशी २५ने नेता येते. कारखान्यात राहूनही माप घेता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. तिची दुरुस्ती आजऱ्यात किंवा जतमध्ये कोण करणार, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर उद्यमनगरातल्या शेडसारख्या जागांकडेच आहे.

अशा शेडना मोठं व्हायला सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना तीन गोष्टी हव्यात : लहान संख्येच्या गाड्यांसाठी जिल्ह्यातच, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये, वजन-वेग-ब्रेक-कलंडणं तपासून शिक्का देणारी सोय, तयार बॅटरीवरचा कर खाली, आणि माप घेण्याचे वेगळे पैसे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दिल्ली-मुंबईच्या हातात आहेत. तिसरी तुमच्या-माझ्या गावातच करता येते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. वर्षाअखेर तो घाईघाईने खर्च होतो, एका मापाच्या वस्तू येतात, फोटो निघतो. तुम्ही सरपंच, सदस्य, नगरसेवक असाल किंवा ग्रामसभेला जाणारे साधे गावकरी असाल, तर यंदाच्या ठरावात दोन ओळी घालायला लावा. एक, गाडी घेण्याआधी बसणाऱ्याचं, त्याच्या हातांचं आणि त्याच्या घराच्या दाराचं माप घ्यावं. दोन, मंजूर रकमेतला काही भाग गावात आधीच पडून असलेल्या तीनचाक्या बेतून घेण्यासाठी आणि पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. नवी गाडी कुणाला द्यायची ते त्यानंतर ठरवा.